आरैके

ग्रामसभा अकराची, सुरू झाली पाऊणला.
शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, तिच्यावर शेतातले पाय.
पीडीओ मॅडम नव्या, धारवाडकडच्या.
मराठी समजते म्हणाल्या, बोलता येत नाही.
म्हणून मला उभं केलं.
दहावीला कानडीत अठ्ठ्याहत्तर पडलेले,
तेवढ्या भांडवलावर
मी त्या दिवशी सरकारचं तोंड झाले.

मॅडमनी यादी वाचली.
गटार. दिव्यांचे खांब. स्मशानाची शेड.
पाचव्या ओळीवर आल्या : आरैके.
अंथरुणाला खिळलेल्यांची, म्हाताऱ्यांची, एकट्यांची.
दोन लाख ऐंशी हजार.

इथं मी अडले.
सेवा म्हणावं तर ती देवळात जाते,
शुश्रूषा पुस्तकातनं बाहेर येत नाही.
घाईत म्हणून सोडलं,
‘पंचायतीला यंदा
दोन लाख ऐंशी हजारांची काळजी आहे.’

सभा हसली.
लुमाण्णा पाटील तर खांबाला धरून हसला,
‘बरं झालं की! आमची फुकटात असती.’

मष्णू कुंभार हसला नाही.
उठला, टोपी काढली, परत घातली.
‘ती काळजी खर्च कुठं झाली तेवढं विचार.’

मॅडमनी फाईल उलटली.
फलक, रंगवून : चौदा हजार.
जागृती मेळावा, मंडप, नाश्ता : एकसष्ट हजार.
चाकाच्या खुर्च्या, नग चार.
खुर्च्या कुठं आहेत?
गोडाऊनात.
किल्ली?
सेक्रेटरीकडं. सेक्रेटरी खानापूरला, मीटिंगला.
आणि उरलेले?
मॅडम कानडीत एक लांब वाक्य बोलल्या
ज्यात कर्ताच नव्हता.
मी मराठीत शोधला, तिथंही मिळाला नाही.
‘दिले गेले,’ म्हटलं.

‘खुर्ची नको म्हणत नाही,’ मष्णू म्हणाला,
‘खरं आमची पायवाट बघितलासा?
चाकावर जल्म गेला माझा,
चाक कुठं फिरतंय, कुठं नाही, मला कळतंय.
मला एवढंच सांगा.
बायको तीन वर्सं एका अंगावर हाय.
राती दोनला आन् परत चारला
तिची कूस बदलायची असती,
न्हाई तर पाठ फुटती.
माझं मनगट गेलंय आता.
हे काम कितव्या ओळीत लिहिलंय?’

मी हे कानडीत करायला लागले.
‘कूस’वर शब्द संपला, तेव्हा हातानं दाखवलं :
हवेत कुणालातरी अलगद
डाव्या अंगावरून उजव्यावर घेतलं.
मॅडम माझ्या हातांकडं बघत राहिल्या.
पेनाचं टोपण लावलं. काढलं.
मग हळू विचारलं, हे प्रोसिडिंगात नाही,
पाठीला काय लावता?

‘खोबरेल,’ मष्णू म्हणाला.
प्रश्न कानडीत होता.
मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

त्यानंतर मागच्या बायका उठल्या, एकदम.
शेवंताच्या सासऱ्यांची लघवीची पिशवी,
द्रौपदाचं पोरगं, चौदा वर्षांचं, अजून कडेवर,
आशाताईंचा पाच महिन्यांचा अडकलेला पगार,
मला एकीचंही वाक्य पुरं धरता येईना.
मी थांबले.
मॅडमनी थांब म्हटलं नव्हतं.

वहीत उतरलं ते असं :
प्रश्न, एक. उत्तर, परिशीलिसलागुवुदु.
विचार केला जाईल.
पुन्हा तेच, कर्ता नसलेलं.
खाली अध्यक्षांची सही, सदस्यांच्या,
शेवटी माझी, दुभाषी म्हणून.

दुभाष्याला दीडशे रुपये मिळतात.
व्हाउचरवर सही करताना खातं वाचलं,
पाचवी ओळ.
पैसे परत करावेत असं वाटलं,
खरं केले नाहीत.

त्या रात्री दोनला जाग आली.
कुंभारांच्या घरात बल्ब लागला,
थोडा वेळ राहिला, गेला.
चारला परत बघायचं म्हणून
उशाला मोबाईल घेऊन पडले,
आणि मला झोप लागली.